भूल दिल्यावर मुलांचं एंडॉर्फिन का घटतं?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होणार आहे. भुलीमुळे मुलांच्या रक्तातलं एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक रसायन, कमी होतं, असं वाचलं. मग शुद्धीवर आल्यावर त्याला दुखणं जास्त जाणवेल का?

उत्तर : त्या कारणाने नाही. ऑपरेशनच्या वेळी रक्तातलं एंडॉर्फिन फारसं न वाढणं हे उलट चांगलं लक्षण आहे. रक्तातलं हे एंडॉर्फिन (बीटा-एंडॉर्फिन) मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. ज्या मोठ्या प्रथिनापासून ते सुटतं, त्याच प्रथिनातून एसीटीएच हे ताणाचं संप्रेरकही सुटतं आणि दोन्ही बरोबरच बाहेर पडतात. म्हणजे रक्तातलं एंडॉर्फिन वाढलं की शरीराला इजेची वर्दी पोचली, असं समजायचं. शिवाय ते रक्तातून मेंदूत फारसं शिरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःची वेदनाशामक रसायनं जागच्या जागी तयार करतात.

ही वर्दी कुठे अडते, हे औषधावर ठरतं. सेव्होफ्लुरेन (हुंगवायची भूल) किंवा प्रोपोफॉलने (शिरेतून द्यायची भूल) मूल गाढ झोपतं, पण जखमेचे संदेश मज्जारज्जूपर्यंत जातच राहतात. म्हणून नुसत्या झोपेच्या भुलीत ताणाची संप्रेरकं वाढू शकतात. फेंटानिल हे अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक, एंडॉर्फिन पेशीवर जिथे बसतं त्याच रिसेप्टरवर बसून संदेश दाबतं. नायट्रस ऑक्साइड या हुंगवायच्या वायूची गोष्ट वेगळी आहे, ते मेंदूच्या देठात शरीराचीच अफूसदृश रसायनं सोडायला लावतं. हर्नियासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कॉडल ब्लॉक : मूल झोपल्यावर माकडहाडाच्या जरा वर दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन. त्यात ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध असतं : ०.२५ टक्के, किलोमागे ०.५ ते १ मिली, आणि एकूण किलोमागे २.५ मिलिग्रॅमच्या आत. संदेश मज्जातंतूतच अडतो, त्यामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि एंडॉर्फिन दोन्हींची उसळी कमी होते. भूलतज्ज्ञांना ‘ब्लॉक देणार का?’ असं आधीच विचारा.

लहान जिवाला कमी दुखतं, हा समज एकेकाळी डॉक्टरांमध्येही होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल दिल्यास ताणाची संप्रेरकं आणि गुंतागुंत दोन्ही कमी होतात, हे डॉक्टर-संशोधक कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्यानंतर हा समज मागे पडत गेला.

प्रश्न : शुद्धीवर येताना मूल खूप रडलं, तर ते दुखण्यामुळेच का? आणि घरी काय द्यायचं?

उत्तर : दरवेळी नाही. सेव्होफ्लुरेननंतर, विशेषतः दोन ते पाच वर्षांची मुलं नजरेला नजर न देता हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. ही भुलीतून बाहेर येतानाची गोंधळलेली अवस्था असते आणि बहुधा अर्ध्या तासात निवते. दुखत असेल तर मूल तुमच्याकडे बघून रडतं, पाय पोटाशी घेतं, जखमेला हात लावू देत नाही. नक्की कळत नसेल तर तिथल्या नर्सला सांगा, दुखणं समजून औषध देणं सुरक्षित असतं.

खरी चूक घरी होते. ब्लॉक चार ते सहा तासांत उतरतो आणि तोवर मूल मजेत असल्याने औषध राहून जातं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलं असेल, तर ब्लॉक उतरायच्या आधीच पहिला डोस द्या आणि पहिले एक-दोन दिवस घड्याळ लावून द्या. किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसाला चारच वेळा. सोळा किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम होतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप १० मिली लागतं, पण ५ मिलीत २५० असलेलं ५ मिलीपेक्षा किंचित कमी. बाटली न वाचता १० मिली दिलं, तर डोस दुप्पट होतो. ऑपरेशनमध्ये शिरेतून किंवा गुदमार्गे पॅरासिटामॉल दिलं होतं का, किती वाजता, हेही घरी निघताना विचारून लिहून घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन हे अफूच्या गटातलं वेदनाशामक देऊ नका. काही मुलांच्या यकृतात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो.