साफ केलं तरी सकाळी परत हजर

प्रश्न : आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर महाग पडतं म्हणून मुलानं नेटवरून त्याची क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालणारी चोरटी प्रत, उतरवून घेतली. सोबतच्या सूचनेत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलं होतं, तसं त्यानं केलं. तेव्हापासून रोज सकाळी मशीन चालू केलं की ट्रोजन सापडल्याचा इशारा येतो. काढून टाकलं की दिवसभर काही नाही, दुसऱ्या सकाळी परत तेच. दुकानाचं नेट बँकिंग याच मशीनवर चालतं. हे येतं कुठून आणि जात का नाही?
– एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : आधी एक काम करा, उरलेलं उत्तर मग वाचा. त्या मशीनची नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला. बँकेत फोन करून अलीकडचे व्यवहार तपासा आणि तुम्ही न जोडलेलं कुणी लाभार्थ्यांच्या यादीत आलंय का तेही विचारा. न केलेला एक जरी व्यवहार दिसला तरी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात फार लवकर सरकतात. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघू, असं कृपा करून म्हणू नका.

आता येतं कुठून ते. ट्रोजन म्हणजे कामाची वस्तू असल्याचं सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्रॅम. तो स्वतःहून एका मशीनवरून दुसऱ्यावर जात नाही. त्याला कुणीतरी उघडावं लागतं, म्हणून तो कशाच्या तरी आडून येतो. कधी बिल म्हणून, कधी कुरिअरची पावती म्हणून, तुमच्याकडे क्रॅक म्हणून. मार्च जवळ आला की गणपती पेठेतल्या माझ्या दुकानात अशी मशीन जास्त येतात, कारण हिशेब पुरे करायची घाई असते आणि लायसन्स संपलेलं असतं. ‘अँटिव्हायरस बंद करा’ ही ओळ जवळपास प्रत्येक क्रॅकसोबत असते. खरं सांगायचं तर साध्या क्रॅकवरही अँटिव्हायरस ओरडतो, त्यामुळे ती सूचना वाचणाऱ्याला पटते. क्रॅक बहुतेक वेळा चालतेसुद्धा. सॉफ्टवेअर उघडतं, एंट्र्या होतात, कुणाला शंका येत नाही. तिच्याबरोबर आलेल्या छोट्या फाइलला ड्रॉपर म्हणतात. ‘बदल करू द्यायचा का?’ असं विंडोजनं विचारल्यावर मुलानं ‘येस’ दाबलं असेल, तर त्या फाइललाही ॲडमिनचे सगळे अधिकार मिळाले. मग ती खरा ट्रोजन नेटवरून खेचून आणते, आणि पुष्कळदा विंडोज डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत आपलं फोल्डर घालून ठेवते. नंतर तुम्ही अँटिव्हायरस चालू केलात तरी तो त्या फोल्डरात डोकावत नाही.

जात का नाही, याचं उत्तर शेतकऱ्याला लगेच कळेल. हरळी वरून खुरपली तरी मुळी जमिनीत राहते. तुमचा अँटिव्हायरस रोज पात कापतोय.

मशीन बंद झालं की मेमरीतला चालू प्रोग्रॅम संपतो. म्हणून ट्रोजनला पुढच्या वेळी स्वतःला सुरू करून घ्यायची सोय विंडोजमध्ये करून ठेवावीच लागते. ही युक्ती फार जुनी आहे. १९८९ साली एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना टपालानं गेल्या. त्यातला प्रोग्रॅम डॉस या तेव्हाच्या सिस्टमची ऑटोएक्झेक ही सुरुवातीला चालणारी फाइल बदलायचा आणि मशीन किती वेळा चालू झालं ते मोजत बसायचा. आकडा ९० च्या आसपास गेला की फाइलींची नावं ओळखू येणार नाहीत अशी करून १८९ डॉलर मागायचा, तेही पनामातल्या टपाल पेटीच्या पत्त्यावर. तेव्हा अशा जागा मोजक्याच होत्या, आज विंडोजमध्ये कितीतरी आहेत. स्टार्टअप फोल्डर आहे. रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत ‘रन’ नावाची नोंद आहे, आणि चालू युजरपुरती ती करायला ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आहेत, ब्राउझरची एक्स्टेन्शनं आहेत.

तुम्ही ‘रोज सकाळी’ लिहिलंय, त्यावरून माझा पहिला संशय टास्क शेड्यूलरवर आहे. तिथं ‘लॉग ऑन झालं की हे चालव’ असं काम लावून ठेवता येतं. नाव ‘अपडेट’सारखं साळसूद ठेवतात. आत एक ओळीची पॉवरशेलची आज्ञा असते, ती नेटवरून ट्रोजन नव्यानं आणते. पॉवरशेल हा लिहिलेल्या आज्ञा चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, म्हणून त्याच्यावर कुणाचा चटकन संशय जात नाही. स्कॅनमध्ये आलेली फाइल पकडली जाते, तिला आणणारी ओळ जिथल्या तिथं राहते.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचाच ‘ऑटोरन्स’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. मशीन चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं, त्याची पूर्ण यादी तो देतो. मी त्यात आधी बनवणाऱ्याचं नाव कोरं असलेल्या नोंदी बघते, मग प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून चालतोय ते. टेंप किंवा ॲपडेटा या फोल्डरांमधून चालणारी आडनिडी नावाची फाइल असेल तर थांबते. विंडोजचा खरा ‘एसव्हीसीहोस्ट’ सिस्टम ३२ किंवा सिसवाव ६४ या फोल्डरांत असतो. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये दिसली तर ती नक्की तोतया. मात्र ॲपडेटामधून चांगले प्रोग्रॅमही चालतात, तेव्हा दिसेल ते उडवत सुटू नका. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅनही करून बघण्यासारखं आहे. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे ट्रोजनला लपायला वाव कमी मिळतो.

एवढं सांगूनही तुमच्या मशीनच्या बाबतीत माझं मत सरळ आहे : फॉरमॅट करा. गाणी-पिक्चरचं मशीन असतं तर मुळी शोधत बसले असते. इथं शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्यांचे पैसे जातात-येतात. एकदा ॲडमिनचे अधिकार मिळालेल्या ट्रोजननं आणखी काय पेरलंय, याची खात्री एका स्वच्छ स्कॅनवरून देता येत नाही, आणि जो ती देतो त्याच्यावर मी माझं बँक खातं सोपवणार नाही. ओटीपी आहे ना, या भरवशावरही राहू नका. २००७ पासून माहीत असलेला झ्यूस हा ट्रोजन ब्राउझरच्या आत बसायचा. बँकेचं अस्सल पान उघडलेलं असताना त्यातच जास्तीची चौकट घालून माहिती भरायला लावायचा. पत्ता खरा, कुलपाचं चिन्ह खरं, आणि मधली चौकट चोराची.

फॉरमॅटआधी हिशेबाचा डेटा, एक्सेलच्या फाइली आणि फोटो एवढंच बाहेर काढा. सेटअपच्या फाइली, ती क्रॅक, झिप यांतलं काही घेऊ नका. २०१९ च्या पुरात ज्यांची मशीन पाण्यात गेली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्यानंतर बॅकअपची सवय लावून घेतली, आणि ती चांगलीच आहे. पण बॅकअपची हार्ड डिस्क कायम मशीनला लावून ठेवली तर ट्रोजनचा हात तिच्यापर्यंतही पोचतो. काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. विंडोजचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या चांगल्या मशीनवर तयार करा आणि टाकताना जुनी सगळी पार्टिशन्स पुसा. मशीनवर अजून विंडोज १० असेल तर आताच ११ टाका. १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

त्यानंतर ईमेल, जीएसटी, बँक, सगळ्यांचे पासवर्ड बदला, आणि ईमेलमध्ये ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ जरूर करा. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड तर चोरीला जातातच, शिवाय चालू लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही आधीच आत आला आहात हे साइटला सांगणारी छोटी नोंद, तीही जाते. ती हातात असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. डिजिटल सहीचा टोकन मशीनला लावूनच ठेवायची सवय असेल तर तीही सोडा.

मुलाला बोलू नका. दुकानाचे पैसे वाचवायचा त्याचा हेतू होता. पण या वेळी लायसन्स विकतच घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक पीडीएफ शोधताना एका साइटवर ‘मी रोबो नाही’ची चौकट आली. क्लिक केल्यावर विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर, असं सांगितलं. मी केलं. एक काळी खिडकी चमकून गेली. आता काही वेगळं दिसत नाही. काळजी करायची का?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : हो, आणि आजच. त्या क्लिकबरोबर साइटनं तुझ्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी, एक आज्ञा ठेवली, आणि ती ‘रन’च्या खिडकीत चिकटवून तू स्वतः चालवलीस. खरा कॅप्चा कधीही कीबोर्डवरून विंडोजला आज्ञा द्यायला लावत नाही. २०२४ पासून हा प्रकार जोरात आहे. यातून आलेले ट्रोजन बहुतेक वेळा पासवर्ड आणि कुकी उचलतात, त्यामुळे काही न दिसणं हेच अपेक्षित आहे. नेट बंद कर, मोबाइलवरून ईमेलचा पासवर्ड बदल, सगळीकडून लॉग आउट हो, मग वर सांगितलंय तसं ऑफलाइन स्कॅन आणि शक्यतो फॉरमॅट. घरी सांगायला घाबरू नकोस. आईबाबांचं बँक खातं त्याच लॅपटॉपवर उघडत असेल तर त्यांना हे कळायलाच हवं.

प्रश्न : वॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ शेवटी असलेली फाइल आली. मी ती संगणकावर उतरवली. संगणक बिघडेल का?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, एपीके हा अँड्रॉइड फोनचा प्रोग्रॅम आहे, विंडोजवर तो असा उघडत नाही. फाइल पुसून टाका. फोनवर मात्र चुकूनही उघडू नका, असे प्रोग्रॅम मेसेज वाचायची परवानगी मागून ओटीपी पळवतात. ज्या नंबरवरून ती आली त्या माणसाला साधा फोन करून कळवा, बहुधा त्याचा फोन आधीच गेलेला असेल.

फाइलच्या नावाचा शेवट तुम्ही बघितलात, ते फार बरं केलंत. संगणकावर विंडोज तो शेवट लपवून ठेवतं, त्यामुळे ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ दिसते आणि चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर खूण करा. विंडोज १० मध्ये तीच चौकट थेट व्ह्यूमध्ये आहे.