व्हिक्टोरियन मालगाडीच्या वाघिणीच्या (मालडब्याच्या) छोट्या मॉडेलचं जुनं किट मिळालंय, पण चाकं नाहीत. पुढे काय करू?

घाबरू नका, ब्रिटिश किटं बऱ्याचदा चाकांशिवायच विकली जातात. खऱ्या वाघिणीच्या एका फुटाला मॉडेलमध्ये ४ मिलिमीटर (१:७६) हे प्रमाण असेल, तर खऱ्या ३ फुटी चाकासाठी १२ मिलिमीटर व्यासाचं चाक घ्या. आस २६ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि ती बसायला पितळी बेअरिंग.

खरी कसोटी सांगाडा काटकोनात चिकटवण्याची. काचेवर ठेवून बघा. एक चाक जरी अधांतरी राहिलं तरी वाघीण रुळावरून उतरणार. माझी पहिली दर सांध्याला उतरायची!

ब्रेकचा दांडा एकाच बाजूला लावा, त्या काळी बहुधा तसाच असे. आणि खाणमालकाची कोळशाची वाघीण असेल, तर टोकांना धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या बफरऐवजी लाकडी ठोकळेच जास्त शोभतील.