परसबागेत वटवाघळं बघायची असतील तर आधी घड्याळ बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की आर्वीकडच्या तुमच्या वाड्यात संध्याकाळी आधी डोक्यावरून बारीक पाकोळ्या फिरतात, मग केळीपाशी काहीतरी मोठं फडफडतं आणि टॉर्च मारला की सगळं गायब होतं. ही दोन वेगळी मंडळी आहेत. पहिली किडे खाते. दुसरी फळं खाते आणि फुलातला मध पिते. दोघींची वेळ वेगळी, बसायची जागाही वेगळी. एकाच जागी बसून दोन्ही बघू म्हटलं की एकही धड दिसत नाही.

मे महिन्यात नागपूर-वर्ध्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, बुलढाण्याकडे त्याहून दहा-बारा मिनिटं उशिरा. पाकोळ्या, म्हणजे दहा ग्रॅमच्याही आतली, वीतभर पंखांची पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळं, सूर्य बुडता बुडताच बाहेर पडतात. त्या वेळी आभाळात पक्षीही असतात, म्हणून घोळ होतो. कोयत्यासारखे ताठ पंख ठेवून लांबवर तरंगत जातो तो पक्षी. पाकोळी तरंगत नाही. पंख सारखे हलत राहतात आणि क्षणाक्षणाला दिशा मोडते. बाज पूर्वेच्या भिंतीला लावून पश्चिमेकडे तोंड करून बसा. उजळ आभाळावर काळी आकृती स्वच्छ दिसते, टॉर्च लागतच नाही.

त्या निघतात कुठून हे दिवसाच शोधून ठेवा. कवेलूंच्या कडेला, दाराच्या चौकटीमागे, भिंतीच्या भेगेखाली बारीक काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. काडीने दाबून बघा. चुरा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसले तर पाकोळी. टोकाला पांढरा ठिपका असेल तर पाल, आणि वाळूनही टणक राहिली तर उंदीर. फट सापडली की तिच्या समोर न बसता बाजूला बसा. बाहेर पडणाऱ्या मोजा, परत आत शिरणाऱ्या वजा करा.

केळीपाशी येतं ते बहुधा आखूड नाकाचं फलाहारी वटवाघूळ, शास्त्रीय नाव सायनॉप्टेरस स्फिंक्स. पंख पसरले की साधारण दीड फूट. ते अंधार पडल्यावरच येतं, म्हणून सव्वासातनंतर जागा बदला. केळफुलापासून वीसेक फुटांवर बसा. गेटवरचा पांढरा एलईडी पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद करा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. मोबाइल एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कूलरही बंद ठेवा. उकडेल, पण पंखांची फडफड आधी कानाला कळते आणि मगच नजर तिकडे जाते. उजेड हवाच असेल तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर बांधा आणि झोत फुलावर न टाकता बाजूला जमिनीवर टाका. केळफुलाचं लाल पान संध्याकाळी उचललं जातं आणि खालची फुलं उघडी पडतात. वटवाघूळ नखांनी त्या पानाला लटकतं, डोकं आत घालतं आणि एक-दोन सेकंदांत सुटतं. हुकलं म्हणून उठू नका, त्याच फुलावर पुन्हा फेरी होते.

चिकू किंवा देशी बदाम असेल तर फळाच्या झाडाखाली ताटकळू नका. हे वटवाघूळ फळ तोडून शेजारच्या दाट झाडात नेतं, रस गिळतं आणि चोथ्याची गोळी थुंकतं. सकाळी अशा गोळ्या ज्या झाडाखाली दिसतील, तिथे रात्री बसा. उष्टी फळं मात्र खाऊ नका, पोरांनाही देऊ नका.

सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने उंचावरून, संथ पंख मारत, एकाच दिशेने जाणारी ती मोठी वटवाघळं. पंखांचा पसारा चार फुटांच्या आसपास. आली त्या दिशेला दिवसा गेलात तर एखाद्या वडा-चिंचेवर वस्ती सापडेल. लांबूनच बघा. या दिवसांत माद्यांच्या पोटाशी पिल्लं असतात आणि पारा 42 च्या वर गेला की ती पंखांनी वारा घेत कशीबशी तग धरतात. खालून हाकारे केले की त्या उन्हात उडावं लागतं.

आपल्या कानाला न कळणारे वटवाघळांचे आवाज ऐकवणारं यंत्र, म्हणजे बॅट डिटेक्टर, घेतलंच तर 45 किलोहर्ट्झच्या आसपास लावून थोडा मागेपुढे फिरवा. पाकोळीची टिकटिक ऐकू येते, आणि किडा जवळ आला की ती इतकी जलद होते की सलग ‘झर्रर्र’ होतं. केळीवरच्या पाहुण्याला यंत्र दाद देणार नाही. तो डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतो.

वटवाघळांना राहायला लाकडी पेटी टांगा, असा सल्ला काही जण देतात. काळा रंग, दक्षिणेला तोंड हे थंड देशांचं गणित. विदर्भातल्या मेच्या उन्हात तशी पेटी भट्टी होईल. त्यापेक्षा पाणी ठेवा. पक्ष्यांसाठीचं मातीचं भांडं इथे उपयोगाचं नाही. वटवाघूळ उडता उडता पाणी टिपतं, त्याला सरळ मोकळा पृष्ठभाग लागतो. गुरांच्या हौदावरच्या दोऱ्या-तारा काढा आणि आत एक खडबडीत फळी तिरपी सोडा, म्हणजे पडलेला जीव चढून बाहेर येईल. आंब्यावर बारीक नायलॉनची जाळी टाकू नका. त्यात पंख अडकतात. फळांना कापडी पिशव्या बांधा.

शेजारी धूर करून हाकलायला निघालेत म्हणता, तर त्यांना एवढं सांगा: 1972 च्या वन्यजीव कायद्यात फलाहारी वटवाघळं उपद्रवींच्या पाचव्या अनुसूचीत होती, ती अनुसूचीच 2022 च्या दुरुस्तीत काढून टाकली, म्हणजे ‘उपद्रवी’ हा शिक्का आता त्यांच्यावर नाही.

खाली पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका. जाड कापडाने धरून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. आणि अंधारात बसताना पायात बूट, बाजेखाली एक नजर. मे महिन्यात विंचू-साप थंडाव्याला तिथेच येतात.