तुझ्या टिपणातलं पहिलं वाक्य

अनेक आशीर्वाद.

टिपण दोनदा वाचलं. ‘कारखान्यांतल्या नोकऱ्या चीनने नेल्या’ या पहिल्याच वाक्यापाशी अडलो. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे.

अमेरिकेचेच आकडे बघ, तू तेच घेतले आहेस. १९७९च्या जूनमध्ये तिथल्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसं कामाला होती. २०१०च्या सुरुवातीला उरली १ कोटी १५ लाखांच्या आसपास. माल मात्र पूर्वीपेक्षा जास्त निघत होता. (या वाढीत संगणक आणि चिपांचा वाटा फार मोठा. तो वगळला तर वाढ बरीच रोडावते, हे तळटीपेत टाक.) म्हणजे यंत्रांचाही हात आहेच. पण नुसत्या यंत्रांवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण २०००पर्यंत घट संथ होती आणि पुढच्या दहाच वर्षांत ५० लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. डिसेंबर २००१मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३च्या निबंधात १९९० ते २००७मधल्या घटीचा साधारण चौथा हिस्सा चिनी आयातीच्या नावावर मांडला. चौथा हिस्सा! तुझं वाक्य सगळाच मांडतं.

आता यंग्सटाउन. ओहायोतलं हे पोलादाचं शहर तुझ्या टिपणात नाही, ते हवं. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. एका मोठ्या कारखान्याने काम थांबवत असल्याचं सांगितलं आणि सुमारे ५,००० जण रस्त्यावर आले. तेव्हा चिनी माल कुठे होता? भट्ट्या जुनाट झाल्या होत्या आणि बाहेरून, विशेषतः जपानमधून, पोलाद येत होतं. १९७०ला शहरात १ लाख ४० हजारांच्या आसपास लोक होते, २०२०च्या जनगणनेत ६० हजार.

हे रिकामं होणं एका दिवसाचं नव्हे. कारखाना बंद पडला की घरांचे भावही पडतात. ज्याची सगळी पुंजी घरात अडकली आहे, तो ते मातीमोलाने विकून जाणार कुठे? तरुण निघून जातात, पन्नाशीतला माणूस मागे राहतो. स्वस्त मालाचा फायदा देशभर चिमूट चिमूट वाटला जातो, तोटा एका गावाच्या पदरात पडतो. देशाच्या सरासरीत हे दिसत नाही. मीही तुझ्या वयात सरासरीवरच भाळलो होतो.

आणि ‘पुनर्प्रशिक्षण’ हा शब्द तू चारदा वापरला आहेस. वीस वर्षं एकाच यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणाऱ्याला नेमकं काय शिकवणार, किती महिन्यांत, आणि त्यानंतर त्याला कामावर घेणार कोण? उत्तर सापडलं तर शब्द ठेव, नाहीतर खोड.

तिसऱ्या पानावरचा तक्ता चांगला आहे. त्यात गावांचा एक रकाना वाढव आणि पुन्हा पाठव.