पुतळ्यातल्या घोड्याचे पाय बघून स्वार कसा मेला ते खरंच कळतं का?

नाही हो. तो फॉरवर्ड मलाही सारखा कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असले तर स्वार रणात पडला, एकच उचललेला असेल तर जखमांनी गेला आणि चारही टेकलेले असतील तर अंथरुणावर. वाचायला भारी वाटतं, पण शिल्पकारांमध्ये असा काही नियम नाहीये.

वॉशिंग्टनला व्हाइट हाऊसच्या समोर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा १८५३ चा पुतळा आहे, घोडा चक्क मागच्या दोन पायांवर, आणि हे गृहस्थ १८४५ ला आपल्या घरी आजारपणात वारले. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरचे बरेच पुतळे नियमात बसतात म्हणून लोकांना पटतं, पण तिथेही १९९८ ला बसवलेल्या पुतळ्यात दक्षिणेचा सेनापती लाँगस्ट्रीट याच्या घोड्याचा पाय वर आहे आणि त्या लढाईत लाँगस्ट्रीट जखमी झालाच नव्हता.

पायांचा मामला खरं तर वजनाचा. ब्राँझचा एवढा मोठा घोडा दोन पायांवर उभा करायचा तर पुढचा भाग पातळ आणि मागचा जड ओतावा लागतो, नाहीतर शेपटीला कुठेतरी टेकू द्यायचा. लिओनार्दोने मिलानसाठी आधी मागच्या पायांवर उठलेलाच घोडा आखला होता, मग ओतकामाच्या भानगडीमुळे चालता केला.

छुपा अर्थच हवा असेल तर पुतळा कोणी उभारला आणि चौथऱ्यावर काय लिहिलंय ते बघा. सेंट पीटर्सबर्गचा पीटर द ग्रेट, म्हणजे रशियाचा झार पहिला पीटर, याचा पुतळा घ्या, १७८२ चा. घोड्याच्या पायाखाली साप आहे, तो म्हणजे शत्रू, फितुरी वगैरे, ते बरोबरच आहे, शिवाय तोच साप शेपटीला भिडून पुतळ्याचा तोल सांभाळतो (एका दगडात दोन पक्षी). पण खाली मजकूर किती, तर एका बाजूला रशियनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला लॅटिनमध्ये एवढंच की पहिल्या पीटरला, दुसरी कॅथरीन. आता ही कॅथरीन, म्हणजे पुतळा उभारणारी रशियाची सम्राज्ञी, मूळची जर्मन, १७६२ ला नवऱ्याला हटवून गादीवर बसलेली, आणि वीस वर्षांनी स्वतःचं नाव थेट पीटरच्या शेजारी लावून मोकळी, पहिल्यानंतर दुसरी, मधले सगळे राज्यकर्ते गुल. हटवलेला नवरा तर पीटरचा सख्खा नातू होता!