ठरवलेला बदल टिकत नसेल, तर आत्मपरीक्षणाचा उपयोग होतो का?

सकाळी फिरायला जाण्याचा नेम दर वेळी आठवडाभरात मोडतो आणि मग स्वतःचाच राग येतो, असे आपण लिहिले आहे. आत्मपरीक्षणाचा उपयोग नक्की होतो. मात्र ते स्वतःला दोष देण्यासाठी नव्हे, तर अडथळा नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी करावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना, त्या घटनेविषयीचा आपला समज आणि त्यातून उपजणारी भावना व कृती ही तीन अंगे वेगळी करून पाहिली जातात. मी वहीत तीन रकाने आखून पंधरा दिवस हेच लिहिले. एका मंगळवारची नोंद अशी होती : साडेपाचचा गजर, रात्री झोपायला पाऊण वाजलेला; ‘एक दिवस चुकला म्हणजे सगळेच गेले’; पुन्हा पांघरूण ओढले. ज्याला मी आळस म्हणत होतो, तो निम्मा जागरणाचा आणि निम्मा त्या एका वाक्याचा परिणाम होता, हे तेव्हा ध्यानात आले. मग झोपेची वेळ अलीकडे आणली आणि त्या वाक्यापुढे ‘हे खरे कशावरून?’ असे रोज लिहू लागलो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर केवळ वहीवर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीतही बोलता येते.