वाचकांचे प्रश्न : सिम्युलेटरमधल्या जुन्या आणि नव्या लोकल

संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमधील उपनगरी गाड्यांच्या ॲड-ऑनविषयी (खेळात नंतर जोडायच्या संचांविषयी) आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाच्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : रेल्वे सिम्युलेटर नुकताच खेळू लागलो आहे. खेळाबरोबर आलेल्या गाड्यांखेरीज एखादी लोकल विकत घ्यावी असे मनात आहे. जुनी घ्यावी की नवी? जुनी चालवायला अवघड असते असे ऐकतो.

उत्तर : अवघड आणि सोपे या हिशेबाने पाहिले तर निवड चुकण्याचीच शक्यता जास्त आहे. लोकलचे सारे कसब थांबण्यात असते, कारण दर दोन-तीन मिनिटांनी फलाट येतो आणि प्रत्येक फलाटावर गाडी ठरलेल्या खुणेपाशी, ठरलेल्या वेळी आणि प्रवाशांना धक्का न बसता उभी करावी लागते. म्हणून कोणत्याही लोकलबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा, की तिचा वेग आणि तिचा ब्रेक चालकाच्या हातात कशा प्रकारे दिलेला आहे.

ब्रिटनमधल्या दोन गाड्यांचे उदाहरण घेऊ. लंडनच्या दक्षिणेला ७५० व्होल्टची वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळाच्या आधारे धावणारी क्लास ४२३ ही गाडी १९६७ पासून बांधली गेली आणि २००५ मध्ये सेवेतून गेली. तिच्या चार डब्यांपैकी एकाच डब्याला मोटरी होत्या. तिच्या पॉवरच्या हँडलला मोजक्याच चार जागा आहेत : गाडी हळू सरकवण्याची शंट, मग सिरीज (मोटरी एकापुढे एक जोडलेल्या), मग पॅरलल (समांतर जोडलेल्या) आणि शेवटी वीक फील्ड (मोटरींचे चुंबकीय क्षेत्र कमी करून वेग वाढवण्याची). चालकाने जागा निवडली की पुढचे रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारे भाग) एकामागून एक काढण्याचे काम डब्याखालची यंत्रणा आपल्या गतीने करते, आणि त्या प्रत्येक टप्प्याचा सूक्ष्म हिसका चांगल्या ॲड-ऑनमध्ये पडद्यावरही जाणवतो. ताशी नेमका ६५ किलोमीटरचा वेग धरून ठेवा असे या गाडीला सांगता येत नाही. पॉवर द्यायची, वेग आला की ती काढायची आणि गाडी तशीच धावू द्यायची, ही तिची रीत आहे. ब्रेकचे हँडल वेगळे असते.

त्याच मार्गांवर नंतर आलेल्या क्लास ३७७ मध्ये पॉवर आणि ब्रेक एकाच हँडलवर आहेत. मधली जागा तटस्थ, एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक. मोटरी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या असल्याने ओढ सलग वाढते, आणि विजेचा ब्रेक व हवेचा ब्रेक यांचा मेळ संगणकच घालतो. शिकायला ही गाडी नि:संशय लवकर हाताला बसते.

तरीही माझे मत असे आहे, की आपण ज्या मार्गावर वारंवार खेळता त्या मार्गाची जुनी गाडी आधी घ्यावी, निदान दोन्ही घ्यायच्या असतील तर तिच्यापासून सुरुवात करावी. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दर सेकंदाला ०.९ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी होत गेला, तर गाडी सुमारे २२० मीटरांत थांबते. हाच आकडा ०.६ असेल तर ३३० मीटरांहून अधिक लागतात. नवी गाडी पहिल्या प्रकारचा ब्रेक सहज आणि दर वेळी सारखाच देते, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी शेवटच्या शंभर मीटरांत तो सावरता येतो. जुन्या गाडीत ते सावरणे ओबडधोबड होते, आणि म्हणूनच फलाट दिसण्याच्या आधी विचार करण्याची सवय लागते. ही सवय घेऊन नव्या गाडीकडे गेलेला खेळाडू तिच्याकडून जास्त काम करून घेतो. उलट क्रमाने गेलेला खेळाडू पहिल्या काही स्थानकांवर फलाटाच्या पुढेच निघून जातो आणि ॲड-ऑन बिघडलेले आहे असे आम्हाला कळवतो.

मात्र जुनी गाडी म्हणजे मंद गाडी हा समज सोडून द्यावा. जर्मनीची बीआर ४२० ही तीन डब्यांची एस-बान (म्हणजे उपनगरी रेल्वेची) गाडी १९६९ पासून बांधली गेली आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी नव्या एस-बानचा कणा ठरली. तिच्या सर्वच्या सर्व आसांना मोटरी आहेत आणि एकत्रित शक्ती २४०० किलोवॉट आहे. तिच्यानंतर आलेली बीआर ४२३ चार डब्यांची, ताशी १४० किलोमीटरची आहे. ४२० चा कमाल वेग १२० आहे, पण फलाटावरून उसळी घेण्यात ती नव्या पिढीच्या मागे पडत नाही. या जोडीत फरक शक्तीचा कमी आणि स्वभावाचा अधिक आहे.

प्रश्न : जर्मन एस-बानचे ॲड-ऑन घेतले. स्थानकावरून निघाल्यावर वेगमर्यादा ८० असतानाही ५० च्या आत आपोआप ब्रेक लागतो आणि गाडी थांबते. पुढचा सिग्नल तर हिरवा असतो. हा दोष कसा काढावा?

उत्तर : हा दोष नाही, गाडी नियमाप्रमाणे वागते आहे. जर्मन मार्गांवर पीझेडबी नावाची सुरक्षा यंत्रणा असते. सावधान दर्शवणाऱ्या सिग्नलपाशी रुळाजवळचा १००० हर्ट्झचा चुंबक गाडीला सूचना देतो, चालकाने चार सेकंदांच्या आत पोच देणारे बटण दाबावे लागते, आणि वरच्या श्रेणीच्या गाड्यांनी २३ सेकंदांत ८५ पर्यंत वेग उतरवावा लागतो. इथवर बहुतेकांना ठाऊक असते.

पुढचा भाग लोकलच्याच वाट्याला जास्त येतो. वेगावरची ही देखरेख चालू असताना गाडी स्थानकावर उभी राहिली, तर यंत्रणा निर्बंधित अवस्थेत जाते आणि मर्यादा थेट ४५ वर येते. चालकासमोरचे ७० आणि ८५ लिहिलेले निळे दिवे आलटून-पालटून लुकलुकू लागतात, ती याचीच खूण. दरवाजे आणि घड्याळ यांत गुंतलेल्या खेळाडूची नजर तिकडे जात नाही. मधल्या वेळात सिग्नल हिरवा झाला, तरी चुंबकाने दिलेली सूचना आपोआप पुसली जात नाही. चुंबकापासून ७०० मीटर अंतर गेल्यावर, पुढचा सिग्नल खरोखर मोकळा असेल तर, मुक्त करणारे बटण दाबून देखरेखीतून सुटता येते. तोवर ४५ च्या आतच राहावे. सिग्नल धोक्यावर असताना घाईने स्वतःला मुक्त करून घेतले, तर पुढच्या ५०० हर्ट्झच्या चुंबकापाशी यंत्रणा गाडी सक्तीने थांबवते, आणि ते योग्यच आहे.

जुन्या पिढीच्या इंडुसी यंत्रणेत ही निर्बंधित अवस्था नव्हती. त्यामुळे एखाद्या जुन्या गाडीच्या ॲड-ऑनमध्ये त्या काळची यंत्रणा बसवलेली असेल, तर तिथे हा अनुभव येणार नाही. कोणती यंत्रणा दिली आहे हे माहितीपुस्तिकेत पाहावे. बरेच खेळाडू ती उघडतच नाहीत, हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : ब्रिटिश क्लास १०१ या जुन्या डिझेल गाडीत इंजिन गर्जते, पण वेग ताशी पंधरा मैलांच्या आसपास अडकतो. काय करावे?

उत्तर : गिअर बदलावा. १९५६ पासून धावलेल्या या गाडीत डब्याखालच्या इंजिनांना चार गती असलेली गिअरपेटी जोडलेली आहे, आणि त्या गती चालकानेच बदलायच्या असतात. विजेवरच्या लोकलची सवय झालेल्यांना हे सुचत नाही. साधारण १५, २७ आणि ४१ मैलांच्या वेगाला पुढची गती घेतात. आधी थ्रॉटल पूर्ण बंद करावा, निवडीचा दांडा पुढच्या जागी न्यावा, इंजिनाचे फेरे उतरू द्यावेत आणि मगच थ्रॉटल पुन्हा उघडावा. थ्रॉटल उघडा ठेवून दांडा सरकवला तर प्रत्यक्षात प्रवाशांना धक्का बसे. काही सिम्युलेटर ही चूक पोटात घालतात, पण तशी सवय लावून घेऊ नये. चढावर वेग उतरला तर गती खालीही आणावी लागते. ब्रेक निर्वात पद्धतीचा आहे, तेव्हा तो लागायला आणि सुटायला वेळ देऊन चालवावे.

प्रश्न : लोकलच्या केवळ आवाजासाठी वेगळे संच विकत मिळतात. त्यांवर खर्च करणे योग्य आहे का?

उत्तर : नव्या गाड्यांसाठी, हो. जुन्या गाडीचा आवाज वेगाबरोबर चढत जाणारी दातेरी चाकांची घरघर, कंप्रेसर आणि रुळांचे सांधे यांतून घडतो, त्यामुळे एकाच ध्वनिमुद्रणाचा सूर वर-खाली करूनही बऱ्यापैकी भागते. इन्व्हर्टरवर (मोटरींना लागेल तशी वीज बदलून देणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या गाडीचे तसे नाही. तिथे विजेची जोड-तोड ठरावीक वेगाला आपली पद्धत बदलते, आणि सूर चढता चढता एकदम खाली येऊन पुन्हा चढू लागतो. जपानच्या केइक्यू रेल्वेवरच्या काही गाड्यांत सीमेन्सचे इन्व्हर्टर होते. निघताना त्या अक्षरशः स्वरसप्तकाच्या पायऱ्या चढत. ती उपकरणे बदलत गेली आणि २०२१ मध्ये अशी शेवटची गाडीही गप्प झाली. असा आवाज एका मुद्रणावरून ताणून काढता येत नाही. प्रत्येक टप्प्याचे वेगळे मुद्रण लागते, आणि आधी दिलेल्या आवाजात ते नसेल तर गाडी कितीही देखणी असली तरी खोटी वाटते. ब्रिटिश गाड्यांपुरते बोलायचे तर ट्रेन सिम्युलेटर क्लासिक या खेळासाठी आर्मस्ट्राँग पॉवरहाउस या निर्मात्यांचे संच आवाजाबरोबर चालण्यातही सुधारणा करतात. घेण्याआधी मात्र मूळ ॲड-ऑन आपल्याकडे असणे आवश्यक आहे का, हे वाचून घ्यावे. बहुधा ते असावेच लागते.

प्रश्न : एका सिम्युलेटरसाठी घेतलेली लोकल दुसऱ्यात चालवता येईल का? आणि डाउनलोड केलेला सिनारिओ (ठरावीक गाडी आणि काम दिलेला खेळाचा प्रसंग) सुरूच होत नाही, त्याचे कारण काय असावे?

उत्तर : पहिल्याचे उत्तर जवळजवळ नेहमी नाही असेच आहे. ट्रेन सिम्युलेटर क्लासिक आणि ट्रेन सिम वर्ल्ड हे दोन्ही डव्हटेल गेम्सचेच खेळ असले, तरी दुसरा अनरिअल इंजिनवर बांधलेला आहे आणि पहिल्याच्या गाड्या त्यात चालत नाहीत. याला एक सुखद अपवाद आहे : २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी केलेल्या गाड्या ओपन रेल्स या विनामूल्य सिम्युलेटरमध्ये चालतात, आणि जुन्या लोकलचा मोठा साठा त्यामुळे आजही उपयोगी पडतो.

सिनारिओ सुरू होत नसेल तर त्यात वापरलेली एखादी गाडी आपल्याकडे नसण्याची शक्यता सर्वांत मोठी. आपण चालवायची गाडी असूनही भागत नाही, कारण शेजारच्या रुळावरून जाणारी किंवा यार्डात नुसती उभी असलेली गाडीही लागते. रंग बदललेल्या गाड्यांचे संच मूळ गाडीच्या फायलींवर अवलंबून असतात, तेव्हा तेही तपासावे. गर्दीच्या मोठ्या स्थानकाजवळ आल्यावर खेळ बंद पडत असेल, तर क्लासिकची ६४ बिटची आवृत्ती चालू आहे ना, ते आधी पाहावे.